देवमाशाचा काश्मिरी नातेवाईक : इंडोहायस

देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालत होते, याचा एक मोलाचा पुरावा जम्मू-काश्मीरमधल्या राजौरी जिल्ह्यातून, कालाकोटजवळच्या खडकांतून मिळाला. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथले जीवाश्म गोळा केले आणि १९७१ मध्ये त्यांतल्या एका छोट्या खुरधारी प्राण्याला 'इंडोहायस' हे नाव दिले. त्यांनी जमवलेले बरेच दगड मात्र न फोडताच राहिले. राव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते अमेरिकन संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले.

दगडातून कवटी सोडवताना कानाचे हाड अपघाताने तुटले आणि त्याची आतली कड विलक्षण जाड असल्याचे दिसले. अशी कड तोवर फक्त देवमाशांच्या कुळातच माहीत होती. केवढे भाग्य त्या तुटण्याचे!

सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी मांजराएवढा, हरणासारख्या सडपातळ पायांचा. त्याच्या पायांच्या हाडांची भिंत जाड होती. पाणघोड्याप्रमाणे ते वजन उथळ पाण्यात तळाशी चालायला उपयोगी पडे. दातांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही पाण्यातल्या वावराला दुजोरा दिला. थेविसन, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

इंडोहायस हा थेट पूर्वज नव्हे, तर जवळचा भाऊबंद. पाकिस्तानातला पाकिसिटस त्याच्याहून थोडा जुना, आणि तो देवमाशांच्याच कुळातला. कच्छमधल्या खडकांतले देवमासे त्यानंतरचे. ते किनाऱ्यालगतच्या समुद्रात राहत.