टीमवर्क शिकायचंय? चला आर्वीला!

एप्रिल उजाडला आणि सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी आटलं की आपण काय करतो? सेक्रेटरीला फोन, टँकरची ऑर्डर, नाहीतर आणखी खोल बोअर! शेजारची सोसायटीही तेच करते. जमिनीखालचं पाणी मात्र दोघांचं एकच. त्यामुळे ते संपतंही दोघांचं.

अशा वेळी मला काकडदरा आठवतं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं हे कोलाम आदिवासींचं छोटंसं गाव. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’मध्ये १३ जिल्ह्यांतले ३० तालुके उतरले होते. त्यात पहिलं आलं काकडदरा. बक्षीस होतं चक्क ५० लाखांचं!

स्पर्धा ४५ दिवसांची, ८ एप्रिल ते २२ मे. म्हणजे आपण एसीचा रिमोट हातातून सोडत नाही, नेमके तेच दिवस. विदर्भातल्या त्या उन्हात कुदळ-फावडं घेऊन गावानं श्रमदान करायचं. माथ्यावर समतल चर, खाली बांधबंदिस्ती. धावतं पाणी चालायला लागतं, चालणारं थांबतं, थांबलेलं मुरतं. आता यातली गंमत बघा. माथ्यावर चर मी खणणार आणि पाणी वाढणार खालच्या शिवारातल्या विहिरीला! एकमेकांवर भरवसा नसेल, तर ही कुदळ उचलणार कोण?

पण बॉस, चर खणणं हा झाला सोपा अर्धा भाग. खरी परीक्षा पाणी आल्यावर. कारण मग प्रत्येकाला ऊस दिसायला लागतो आणि नवी बोअर खुणावते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं यावर उत्तर काढलं. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या, ऊस-केळीला मनाई केली. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच पिकं ठरवायची.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच अभ्यासासाठी. जगभरची सामायिक जंगलं, कुरणं, कालवे पाहून त्यांनी सांगितलं की सामायिक गोष्ट लुटली जातेच असं काही नाही. जिथे वापरणारेच नियम करतात, वापरावर स्वतः लक्ष ठेवतात आणि मोडणाऱ्याला आधी छोटा, मग मोठा दंड लावतात, तिथे ती पिढ्यान् पिढ्या टिकते.

आता आपल्याकडे वळू. सोसायटीच्या बोअरला मीटर आहे? महिन्याचं रीडिंग नोटीस बोर्डावर लागतं? पंप किती तास चालवायचा, हे सर्वसाधारण सभेत ठरतं, की वॉचमनच्या मर्जीवर चालतं? वर्षातून एक रविवार सकाळ छतावरच्या पावसाचे पाइप साफ करायला किती फ्लॅटमधली माणसं खाली उतरतील?

ऑफिसच्या टीम बिल्डिंगला आपण लोणावळ्याला जातो, टी-शर्ट मिळतो, फोटो निघतात. मला विचाराल, तर पुढच्या ऑफसाइटआधी शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला एक चहा पाजा. पाणी दोघांचं आहे, तर नियमही दोघांनी मिळूनच करायला हवेत ना?