दाणा पाहून घ्यावा : घरच्या कॉफीयंत्राची निवड

वऱ्हाडातील व्यापारी कापूस घेताना पुंजका हातात धरतो, ओढून धाग्याची लांबी पाहतो आणि मगच भाव सांगतो. तुरीच्या पोत्यात हात घालून तळाचा दाणा वर काढल्याशिवाय सौदा होत नाही. तोच गृहस्थ घरासाठी कॉफी आणतो तेव्हा मात्र बंद पाकिटातील भुकटी न पाहताच घेतो. भुकटीत काय दळले गेले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. अलीकडे अमरावती, अकोल्यापासून भातकुलीपर्यंत अनेक घरांत अख्खे कॉफीबी दळून कॉफी करणारे यंत्र घ्यावे असा विचार होऊ लागला आहे. त्याचे कारण बहुधा चव हेच सांगितले जाते. जैन स्वयंपाकघरासाठी त्याहून मोठे एक कारण आहे. येथे आधी त्याचा विचार करू आणि मग यंत्राचा.

भुकटीत काय असते?

दक्षिणी पद्धतीच्या ‘फिल्टर कॉफी’च्या बहुसंख्य पाकिटांत कॉफीबरोबर चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ. ते वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यामुळे रंग गडद होतो, काढा दाट होतो आणि पाकीट स्वस्त पडते. आपल्या देशात चिकोरीचे मोठे पीक गुजरातेत व उत्तर प्रदेशात निघते. कायद्यानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. म्हणजेच पाकिटातील जवळजवळ निम्मा माल मुळाचा असला तरी तो नियमात बसतो. पाण्यात क्षणात विरघळणाऱ्या काही तयार कॉफींमध्येही चिकोरी असते. बटाटा, कांदा, गाजर ज्या घरात येत नाही, त्या घरात कंदमूळ या वाटेने रोज सकाळी येऊ शकते. पाकिटामागील बारीक अक्षरे वाचणे हा यावरील पहिला उपाय. दुसरा आणि अधिक खात्रीचा उपाय म्हणजे अख्खा दाणा आणणे, कारण अख्ख्या दाण्यांत चिकोरी लपू शकत नाही.

दाण्याचा आणखी एक लाभ आहे. कॉफीच्या फळाला पोखरणारा एक बारीक भुंगेरा असतो. भारतात तो प्रथम १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात आढळला. त्याने पोखरलेल्या बीवर टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते. भाजल्यावरही ते भोक बुजत नाही. ताटात दाणे पसरून गहू-तांदळाप्रमाणे निवडले की असे दाणे बाजूला काढता येतात. धान्य निवडून घेण्याची जी सवय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती कॉफीलाही लावता येते. भुकटीला ती लावता येत नाही.

आपल्याच डोंगरावरचा दाणा

कॉफी म्हटले की चिकमगळूर, कोडगू आठवतात आणि ते योग्यच आहे. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. पण वऱ्हाडच्या वाचकाने चिखलदरा विसरू नये. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेले हे स्थान महाराष्ट्रातील कॉफीचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. भातकुलीला श्री आदिनाथ स्वामींचे आणि पुढे मुक्तागिरीचे दर्शन घेऊन परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथे कॉफी घेताना शक्यतो भाजलेले अख्खे दाणे मागावेत आणि ते केव्हा भाजले, हे विचारावे. भाजलेला दाणा हवाबंद डब्यात काही आठवडे सुगंध टिकवून धरतो. दळलेली भुकटी तो काही दिवसांतच घालवते, आणि पहिल्या अर्ध्या तासातच बराचसा सुगंध उडालेला असतो. म्हणून दळण त्या-त्या वेळी लागेल तेवढेच करावे.

जाते आणि मिक्सर

येथून यंत्राचा प्रश्न सुरू होतो. घरातील मिक्सरमध्ये दाणे दळता येणार नाहीत काय? दळता येतात, पण मिक्सरचे पाते दाण्याचे तुकडे करते. काही तुकडे पिठासारखे होतात, तर काही रव्यासारखे राहतात. गरम पाणी पडताच पिठातून कडूपणा उतरतो आणि रवा अर्धाच उतरल्यामुळे कॉफी आंबूस व पाणचट लागते. एकाच पेल्यात दोन्ही दोष येतात. शिवाय त्याच भांड्यात कालचे जिरे-मिरे दळलेले असेल तर त्याचा वासही येतो.

चांगले कॉफीयंत्र आपल्या जात्याच्या तत्त्वावर चालते. दोन दातेरी चकत्यांच्या मधून दाणा जातो. चकत्यांमधील अंतर कमी केले की दळण बारीक होते आणि वाढवले की जाड होते, पण प्रत्येक वेळी ते एकसारखे निघते. म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा : आत पाते आहे की दातेरी चकत्या? चकत्या पोलादी आहेत की चिनी मातीच्या, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. दोन्ही चालतात. चिनी मातीची चकती गंजत नाही, पण दाण्यांत खडा आला तर तिचा टवका उडतो.

चार पर्याय

पहिला पर्याय हाताने फिरवायचे छोटे जाते आणि सोबत दोन मजली दक्षिणी स्टीलचा फिल्टर. वीज नसली तरी अडत नाही आणि प्रत्येक भाग धुऊन उन्हात वाळवता येतो. एका वेळी वीस-तीस ग्रॅम दाणे दळले जातात. दोन-तीन माणसांच्या घराला एवढे पुरते.

दुसरा पर्याय विजेवर चालणारे स्वतंत्र दळणयंत्र आणि तोच फिल्टर. सहा माणसांच्या घरात प्रत्येकी एका पेल्याला दहा ग्रॅम धरले तर रोज साठ ग्रॅम, म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोच्या वर दाणे लागतात. एवढे दळण रोज हाताने करणे कंटाळवाणे होते. नवकारशी पाळणाऱ्या घरांत सर्वांचा पेला सकाळी एकाच सुमारास लागतो आणि सूर्यास्तानंतर कॉफी होतच नाही. अशा घरात मोठा फिल्टर सहा पेल्यांचा काढा एकदमच देतो.

तिसरा पर्याय दळून त्याच भांड्यात गाळणारे यंत्र. एका वेळी अनेक पेले होतात हे खरे. पण गरम पाण्याची वाफ वर चढून दळणाच्या वाटेत ओल धरते आणि तेथे भुकटी चिकटून बसते. ती वाट ब्रशने साफ करता येते की नाही, हे दुकानातच उघडून पाहावे.

चौथा पर्याय संपूर्ण स्वयंचलित यंत्र. कळ दाबली की दाणे दळले जातात, पाणी दाबाने उतरते आणि पेला भरतो. जाहिरातीत १५ किंवा १९ बार दाबाचा आकडा ठळक छापलेला असतो. तो पंपाच्या कमाल शक्तीचा असतो. एस्प्रेसो कॉफी उतरायला सुमारे ९ बार दाब पुरतो, म्हणून त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. पेले एकामागून एक निघतात, त्यामुळे सहा जणांना थोडे थांबावे लागते. यंत्राची किंमतही फिल्टरच्या अनेक पटींनी जास्त असते.

उघडते ते घ्यावे

आपल्या दृष्टीने खरी कसोटी पुढे आहे. स्वयंचलित यंत्राच्या पोटात कॉफीचा ओला चोथा साचतो. उबदार, ओलसर, बंद जागा मिळाली की दोन-तीन दिवसांत तेथे बुरशी धरते. दुधाच्या नळीत राहिलेला थेंब नासतो. टाकीतील कालचे पाणी तसेच राहते. आहारात यत्नाचार पाळणाऱ्या कुटुंबाने हे न पाहिल्यासारखे करू नये.

म्हणून कॉफी दाबून उतरवणारा आतील भाग बाहेर काढून नळाखाली धुता येतो का, हे विचारावे. डेलाँगी, फिलिप्स यांच्या अनेक यंत्रांत तो काढता येतो. जुरा यंत्रांत तो आतच बसवलेला असतो आणि गोळ्या घालून आतल्या आत धुवावा लागतो. कोणते यंत्र उत्तम हा वाद बाजूला ठेवला तरी, जे डोळ्यांनी पाहून स्वच्छ करता येते ते आपल्या घराला अधिक मानवते. चोथ्याचा डबा रोज संध्याकाळी रिकामा करावा, टाकी उपडी ठेवावी आणि सकाळी गाळलेले ताजे पाणी भरावे. दूध वेगळ्या भांड्यात तापवले तर नळीचा प्रश्नच उरत नाही.

पाण्याची बाब भातकुलीकरांना वेगळी सांगायला नको. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. खारट पाण्याची कॉफी कितीही चांगल्या दाण्याची असली तरी बिघडते. जड पाण्याने यंत्राच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. चहाच्या किटलीच्या तळाशी असा थर दिसत असेल तर तोच यंत्रातही बसणार, हे ओळखावे. पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम मानली आहे. कॉफीला साधारण १५० मिलिग्रॅमचे पाणी उत्तम. म्हणून क्षार कमी करणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरावे. त्यातील सगळेच क्षार काढून टाकले तर कॉफी बेचव लागते, हेही ध्यानात ठेवावे. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत थर काढणारे द्रावण फिरवणे टाळू नये.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. दुरुस्ती अमरावतीत होते की यंत्र नागपूर-मुंबईला पाठवावे लागते, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावे. आणि घरगुती यंत्र पेढीवर ठेवून दिवसभर गिऱ्हाइकांना कॉफी द्यायची असेल तर घरगुती हमी तेथे सहसा लागू होत नाही, हे वाचून घ्यावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्या घराने लहान जाते आणि स्टीलचा फिल्टर आणावा, पाव किलो दाणे घ्यावेत आणि महिनाभर निवडून, दळून, गाळून पाहावे. तेवढ्यात घरात किती पेले लागतात, कोणाला किती कडक आवडते आणि रोजची धुलाई कोण करणार, हे कळून येते. मोठे यंत्र घ्यायचेच ठरले तर त्या माहितीच्या आधारे सौदा चांगला होतो. आणि न घ्यायचे ठरले, तरी घरातील कॉफी तोवर चिकोरीविना झालेली असते.