कामाच्या टेबलाला फळी कशाची घालावी?



ऊस उभा आहे, पाण्याची पाळी आली आहे आणि नेमका त्याच दिवशी पंप रुसतो, हा अनुभव कुणाला नाही? दुरुस्तीला तालुक्याला नेईपर्यंत पाळी निघून जाते. म्हणून पुष्कळ सभासद वस्तीवरच पान्हे, हातोडी, व्हाइस बाळगतात. पण काम करायचं कशावर? एक दणकट टेबल हवेच.

आम्हीही हौसेने एक केले. बांधावरचा आंबा वाऱ्याने पडला होता. त्याच्या इंचभर जाडीच्या ओल्या फळ्या काढल्या आणि ठोकल्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्या पन्हळीसारख्या वाकल्या. दुसऱ्या वर्षी भुंगा लागून खालून पीठ गळू लागले. शेवटी गंजलेले कपलिंग सोडवताना जोर दिला, तर व्हाइस फळीसकट उपटून हाती आला! अंगठा थोडक्यात वाचला. दोष आंब्याचा नव्हे, आमच्या घाईचा.

मग कोणती फळी चांगली? शहाबादी फरशी स्वस्त, तेलही पुसून निघते. पण हातोडीच्या एका घावात तडकते. भुशाचे बोर्ड पाणी लागले की फुगते. सागवान उत्तम, पण महाग. जुन्या घराची तुळई मिळाली तर खिळे काढून जरूर वापरावी. प्लायवूडचे थर आडवे-उभे असल्याने ते वाकत नाही. 18 मि.मी.चे दोन तुकडे एकावर एक जोडावेत आणि ओलीच्या जागी आय.एस. 710 चा शिक्का पाहून घ्यावेत.

आमची पसंती मात्र बाभळीला. आपले वाडवडील गाडीची चाकं उगीच बाभळीची करीत नव्हते. फळी दोन इंची हवी आणि वाळलेली हवी. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचावी व टोकांना रंग फासावा, म्हणजे चिरत नाही. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब. दोन इंचाला दोन वर्षं. आडसाली ऊससुद्धा तेवढा वेळ घेत नाही! धीर नसेल तर वखारीतून वाळलेली आणावी.

इंजिनकामासाठी अर्ध्या भागावर 3 मि.मी. लोखंडी पत्रा बसवावा. सहा बाय दोन फुटांचा अख्खा पत्रा सुमारे 26 किलो भरतो, तेव्हा पाय भक्कम हवेत. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते. म्हणून मागच्या बोल्टांची भोकं थोडी लांबट ठेवावीत. व्हाइस पायाच्या बरोबर वर, आरपार बोल्टांनी कसावा. उभे राहून हात सरळ सोडला की मनगट येते, तेवढी उंची ठेवावी.

फळीला जवसाचे तेल द्यावे. पण एक सांगणं आहे: तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेते. शेजारी पाचटाची गंजी असली तर काय होईल, हे सांगायला नको. चिंधी पाण्यात बुडवावी किंवा उघड्यावर पसरून वाळवावी.

तेव्हा बंधूंनो, यंदा टेबल करायचे मनात असेल, तर आधी फळी वाळत घाला, खिळे मागाहून.