एक जून आणि दीडशे वर्षांचे आयुष्य

जात पडताळणीच्या प्रकरणाला वडिलांचा आणि मिळाला तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. आमच्या महाविद्यालयात मुलांची अशी प्रकरणे भरून देण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. त्या दाखल्यांच्या चळतीत दरवर्षी एक गोष्ट दिसते. कितीतरी बापांचा जन्म एकाच दिवशी झालेला असतो : १ जून. माझ्या वडिलांचाही. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला कुणीतरी बखोटीला धरून आणायचे. मास्तर त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षे पुरी, आणि रजिस्टरात तारीख १ जून.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. वार्धक्याचा भाग चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, ''सर, विज्ञान माणसाला दीडशे वर्षं जगवणार म्हणतात, ते खरं काय?'' प्रश्न सरळ होता आणि त्याला पाठ्यपुस्तकातून उत्तर देता आले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे ती दाखल्यांची चळत आली. आयुष्य वाढले की नाही हे सांगायला आधी माणूस जन्मला कधी हे ठाऊक असावे लागते. आमच्या घरांत ते कुणाला ठाऊक होते?

माझी आज्जी २०१७ साली गेली. वस्तीत सगळे म्हणाले, म्हातारीने शंभरी गाठली. तीही म्हणायची, ''शंभरी कवाच भरली की रं माजी.'' मी तिचा हिशेब मांडून पाहिला होता. गांधीजींच्या खुनानंतर, १९४८ च्या सुरुवातीला, आमच्या भागात जाळपोळ झाली. त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले, आणि तेव्हा ती न्हातीधुती झालेली नव्हती. म्हणजे तेरा-चौदाची. म्हणजे मरताना ब्याऐंशी-त्र्याऐंशीची. हे मी घरात सांगितले तेव्हा वडील नाराज झाले. आईची शंभरी मी शिकून हिरावून घेतली, असे त्यांना वाटले असावे.

गंमत अशी की दीर्घायुष्याच्या जागतिक संशोधनातही हाच घोळ आहे. साऊल न्यूमन नावाच्या अभ्यासकाने दाखवले की अमेरिकेच्या ज्या ज्या राज्यात जन्मनोंदणी नीट सुरू झाली, तिथे तिथे एकशे दहा वर्षे ओलांडणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. माणसे मेली नव्हती. कागद आला होता. या कामाला २०२४ मध्ये 'इग नोबेल' मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला तो पुरस्कार देतात. तेव्हा अमुक डोंगरात दीडशे वर्षांची माणसे आहेत असे कुणी सांगितले, तर प्रथम त्यांचा १ जूनचा दाखला मागावा. पक्क्या कागदपत्रांवर मान्य झालेले सर्वांत मोठे वय फ्रान्सच्या जान काल्माँ या बाईचे, १२२ वर्षांचे. त्या १९९७ साली वारल्या. त्यानंतर जगात औषधे किती वाढली, माणसे किती वाढली. पण त्यांच्यापुढे कुणी गेलेले नाही.

मग आयुष्य वाढले म्हणतात ते काय? १९११ ते १९२१ या दशकात, इन्फ्लुएंझाच्या साथीसह, भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे २० वर्षे होते. स्वातंत्र्याच्या सुमारास ३२ च्या आसपास. आता ते सत्तरीला पोहोचले आहे. या आकड्यांवरून लोक समजतात की पूर्वीची माणसे विशीत-तिशीत म्हातारी होऊन मरत. तसे नाही. एक मूल जन्मतःच मेले आणि एक माणूस ऐंशी वर्षे जगला, तर दोघांची सरासरी चाळीस. पण चाळिसाव्या वर्षी कुणीच मेलेले नसते. सरासरी खाली खेचतात ती पाळण्यातली मरणे. धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, १०४ व्या वर्षी वारले. त्यांच्या जन्माच्या वेळी जंतूंमुळे रोग होतात हेदेखील सिद्ध झालेले नव्हते. लांब जगण्याची मर्यादा तेव्हाही बहुधा एवढीच होती. वाढले आहे ते मर्यादेपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण.

ते कशाने वाढले यावर बराच वाद झाला आहे. टॉमस मॅककिओन यांनी १९७६ साली मांडले की इंग्लंडात क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसीन येण्याआधीच फार उतरले होते. श्रेय औषधापेक्षा पोटभर अन्नाला. त्यांच्या टीकाकारांनी सांगितले की स्वच्छ पाणी, गटारे, बरी घरे ही आपोआप आली नाहीत, ती भांडून मिळवावी लागली. मला हे टीकाकार अधिक पटतात. आणि लसीला कमी लेखण्यात अर्थ नाही. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी सापडला नाही, हे अन्नाने झालेले नाही.

पण शोध लागणे आणि तो वस्तीपर्यंत येणे यांतले अंतर केवढे असते, याची एक तारीखवार नोंद महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. मग ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना टोचली गेली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या होत्या. दोन महिन्यांत नवी लस पुण्यापर्यंत यायला हवी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती अजून परीक्षेतच होती. मला वेगळेच दिसते. त्या मुलासाठी त्या काळी जी एकमेव वैद्यकीय व्यवस्था उपलब्ध होती, ती म्हणजे सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ. आमच्या कोल्हापुरात १९१९ साली शाहू महाराजांना हुकूम काढून सांगावे लागले की सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रोग्याला इतरांसारखेच वागवावे. दवाखाना होता, डॉक्टर होता, औषध होते. आणि तरी हुकमाची गरज होती.

आता त्या गटारांविषयी. शहरांचे आयुष्य वाढले त्यात बंदिस्त गटारांचा वाटा मोठा आहे हे कुठलेही आरोग्यशास्त्राचे पुस्तक सांगते. त्या गटारांत कोण उतरले हे मात्र त्या पुस्तकांत नसते. माझे एक चुलते एका नगरपालिकेत सफाईला होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले; शेवटची काही वर्षे त्यांना धड झोपता येत नव्हते, बसूनच रात्र काढायचे. हाताने मैला काढण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. गटारात मरणाऱ्याच्या घरच्यांना दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कायदा पाळला गेला असता तर ही रक्कम वाढवायची वेळच आली नसती. एका माणसाच्या पोटात गेलेल्या विषारी वायूवर हजारो घरांची वर्षे वाढतात. आयुर्मानाच्या तक्त्यात ही देवाणघेवाण कुठे मांडायची?

विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण त्याला उत्तर द्यायचे राहिले आहे. मर्यादाच हलवता येईल का? शास्त्र त्याला अशक्य म्हणत नाही. १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांनी दाखवले की एका सूक्ष्म कृमीच्या एकाच जनुकात बदल केला तर त्याचे आयुष्य दुप्पट होते. २००९ मध्ये रापामायसीन या औषधाने उंदरांचे आयुष्य नऊ ते चौदा टक्क्यांनी वाढले, तेही औषध म्हातारपणी सुरू करून. हे औषध ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. अवयवरोपण झालेल्या रोग्यांना ते देतात, कारण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबते. निरोगी माणसाने ते घेऊन तो जास्त जगतो असे अजून सिद्ध झालेले नाही. पेशीच्या विभाजनाला मर्यादा आहे हे हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले. गुणसूत्रांची टोके झिजत जातात, ती कशी राखली जातात या शोधाला २००९ चे नोबेल मिळाले. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही स्वस्त गोळी वार्धक्य मंद करते का, याचीही चर्चा आहे.

अडचण अशी आहे. प्रौढपणी मरणाचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. म्हणून म्हातारपणीचा एखादा रोग पुरता नाहीसा केला तरी दुसरा दारात उभाच असतो. कर्करोग समूळ गेला तर श्रीमंत देशांच्या सरासरी आयुर्मानात भर पडेल ती सुमारे तीन वर्षांची. दीडशे वर्षांसाठी रोग नव्हे, म्हातारे होणेच मंद करावे लागेल. ते माणसात कुणाला जमलेले नाही. मी विद्यार्थ्याला सांगितले की काही धडधाकट वर्षे पदरात पडतील असे मला वाटते. दीडशे मला दिसत नाहीत.

याच संशोधनातला एक प्रयोग मला वर्गात शिकवताना नेहमी अडखळवतो. १९३५ साली अमेरिकेत मॅके यांनी उंदरांना कमी खायला दिले आणि ते जास्त जगले. तेव्हापासून 'कमी खा, जास्त जगा' हे सूत्र झाले. माकडांवरच्या दोन मोठ्या प्रयोगांत एकात आयुष्य वाढले, दुसऱ्यात वाढले नाही. हे ऐकून मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ''मग आमचे आजोबा दोनशे वर्षं जगायला पाहिजे होते.'' वर्ग हसला. मीही हसलो. पण उत्तर नीट द्यायला हवे होते, ते इथे देतो. मॅके यांच्या उंदरांचे उष्मांक कमी केले होते. जीवनसत्त्वे आणि क्षार पुरेसे दिले होते. पिंजऱ्यात त्यांना काही काम नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्याचे उष्मांक, प्रथिने, लोह सगळेच कमी होते, आणि वर आठ तास घण होता. प्रयोगशाळेतला उपवास आणि आपली भूक यांना एकच शब्द वापरला की शास्त्रही खोटे पडते.

जातीनुसार आयुष्य किती कमी-जास्त आहे, याचे आकडे आपल्या सभांतून सांगितले जातात. त्यांबाबत कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात मृत्यूच्या वेळचे सरासरी वय दलित स्त्रियांचे ३९.५ आणि उच्च जातीय स्त्रियांचे ५४.१ दिले आहे. याचा अर्थ 'दलित बाई एकोणचाळिसाव्या वर्षी मरते' असा नाही. ज्या समाजात मुले-तरुण जास्त, त्याचे हे सरासरी वय आपोआप खाली येते. आयुर्मान काढण्याची रीत वेगळी. त्या रीतीने नऊ राज्यांतील २०१०-११ च्या पाहणीवरून काढलेले आकडे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले : उच्च जातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी, आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी. महाराष्ट्र त्या राज्यांत नाही. तीन हा आकडा चौदापेक्षा लहान आहे, सभेत टाळी कमी पडेल. पण तो टिकतो. आणि त्याच अभ्यासात असेही निघाले की हा फरक केवळ गरिबीने समजावून सांगता येत नाही. तीन वर्षे म्हणजे कर्करोग नाहीसा केल्याने मिळतील तेवढी.

ही वर्षे मिळवायला मर्यादा हलवावी लागत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना मूल तोलायला, त्याचे श्वास मोजायला, ऊब द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. इंजेक्शन त्या बायकांच्या हाती देण्यावर डॉक्टरमंडळींकडून आक्षेप आले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले : शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आता आपण फळ्यावर मांडतो तसा हिशेब मांडू. हजार जन्मांमागे शंभर बालके मरणाऱ्या गावात त्यातली साठ वाचली आणि प्रत्येकाला पुढे साठ वर्षे मिळाली, तर गावाच्या सरासरीत ३.६ वर्षांची भर पडते. तराजू, घड्याळ, गोधडी आणि एक सुई एवढ्या साहित्यात.

२०११ पासून ही पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आली. २०१९ साली माझ्या बहिणीला मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची. आमच्या घराण्यात जन्माची तारीख, वेळ आणि वजन कागदावर असलेले हे पहिले माणूस नव्हे. पण तो कागद आईने पहिल्यांदाच स्टीलच्या डब्यात जपून ठेवला. आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा आल्या. झोळीचा काटा घेऊन यायच्या, मुलीला तोलायच्या, वहीत लिहायच्या. शेवटच्या खेपेला काटा साडेतीन किलोवर थांबला. वडिलांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला आणि मग स्वतःची जन्मतारीख सांगू लागले.