दोरीवर उन्हाचा मान कोणत्या कपड्यांना?

कोणत्याही सोसायटीच्या गॅलरीतल्या दोऱ्या जरा निरखून पाहा. बाहेरच्या, उन्हातल्या दोरीवर चादरी, शर्ट आणि पँट. आतल्या दोरीवर परकर, गाऊन. आणि आतले कपडे? ते एखाद्या ओढणीखाली, नाहीतर थेट बाथरूमच्या दांडीवर. कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून. आरोग्याचा विचार केला तर हा क्रम नेमका उलटा आहे.

कपडा वाळतो तो केवळ उन्हाने नव्हे. ओल्या कपड्याला लागून बाष्पाने भरलेल्या हवेचा पातळ थर तयार होतो. वारा तो थर हटवतो, कोरडी हवा येते आणि पाणी उडत राहते. म्हणून पावसाळ्यातही पंख्याखाली टाकलेला कपडा वाळतो आणि बंद खोलीतला दोन दिवस दमट राहतो. दमट राहिलेल्या कपड्याला जो कुबट वास येतो, त्यामागचा एक प्रमुख जिवाणू जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिला: मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. धुण्यातून तो पूर्ण जात नाही, कोरडेपणा आणि अतिनील किरणही बऱ्यापैकी सोसतो. तेव्हा ऊन म्हणजे जादू नाही. पण कपडा लवकर वाळला तर जंतूंना वाढायला वेळ कमी मिळतो, हा दोरीचा पहिला फायदा.

दुसरा उन्हाचा. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण जंतू आणि बुरशी यांच्या डीएनएला इजा करतात. मात्र ते कापडाच्या पृष्ठभागापुरतेच नीट पोचतात आणि त्यांतले अधिक प्रभावी किरण खिडकीची काच अडवते. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत उजेड भरपूर असतो, पण उघड्या दोरीची सर तिला येत नाही. आणि कपडा उलटा करून वाळत घालायला हवा, कारण त्वचेला चिकटणारी बाजू आतली. शिवण आणि इलॅस्टिक सर्वांत शेवटी वाळतात, नेमके तेच जांघेत आणि कमरेला घट्ट बसतात.

हे सांगायचे कारण म्हणजे नायटा. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात गजकर्ण-नायट्याचे रूप बदलले आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी असे २०२० मध्ये नाव मिळालेली बुरशी अनेकदा टर्बिनाफीन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. त्यात दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे दुखणे आणखी चिघळवतात. रुग्णाच्या त्वचेचे बारीक कण कपड्यांत राहतात आणि त्यांतून बुरशी पुन्हा अंगावर किंवा घरातल्या दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ औषधाबरोबर सांगतात: कपडे आणि टॉवेल वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, इस्त्री करा. घाईच्या सकाळी मात्र आपण ‘अंगावर वाळेल’ म्हणत ओलसर चड्डी चढवतो. अंगावर ती वाळते खरी, पण तोवर बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही मिळते.

मासिक पाळीच्या कापडाचे हाल याहून वाईट. कपाटामागे, पलंगाखाली, दुसऱ्या कपड्याच्या आड ते वाळवले जाते. हा प्रश्न फक्त गावाकडचा नाही. कचरा कमी व्हावा म्हणून शहरातल्या मुलीही आता कापडी पॅड वापरतात. कापड वाईट नाही. ते अर्धवट वाळलेले वापरले तर त्रास होतो, खाज सुटते, संसर्गाला वाव मिळतो.

पावसाळ्यात काय करायचे? एका वेळच्या धुण्यातून सुमारे दोन लिटर पाणी हवेत जाते, असे ग्लासगोच्या मॅकिंटॉश वास्तुकला विद्यालयातील अभ्यासात दिसले होते. बंद घरात तेच पाणी भिंतींवर ओल आणि बुरशी आणते आणि दमा असलेल्यांना त्रास होतो. शक्यतो माणसे झोपतात ती खोली सोडून दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, पंखा लावून कपडे सुटे सुटे टाका. मशीन असेल तर पिळणी दोनदा. परागकणांची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र गाजरगवत फुललेले असताना कपडे बाहेर घालू नयेत.

जागा कमीच असेल तर चादर आत येऊ द्या आणि बाहेरची दोरी आतल्या कपड्यांना द्या. घडी घालण्याआधी इलॅस्टिक दोन बोटांत दाबून पाहा. बाकीच्या कपड्यापेक्षा गार लागले तर पाणी अजून उडते आहे. चिमटा पुन्हा लावा.