दिवा काढू नका, दोष काढा

लग्न असो की उरूस, यवतमाळहून आर्णी, पुसद किंवा नागपूरला निघताना आपण अख्खे कुटुंब गाडीत बसवतो. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा जळत असला, तरी "गाडी तर चालते ना!" म्हणून सोडून देतो. पण तो दिवा विझत नसेल, तर धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते.

दोष पुष्कळदा लहान असतो. सीट मागेपुढे करताना तिच्याखालचा पिवळा कनेक्टर सैल होतो. स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग तुटते, तेव्हा बहुधा हॉर्नही बंद पडतो. कधी बॅटरीच कमजोर असते. स्कॅनर लावला की दोषाचा कोड कळतो. मात्र या पिवळ्या वायरींना घरी हात लावू नये. चुकीच्या तपासणीने एअरबॅग अचानक फुटू शकते. जाणता मेकॅनिक आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो, काही मिनिटे थांबतो आणि मगच काम करतो.

जुनी गाडी घेताना चावी फिरवून पाहा. दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कोणी तो मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता आहे. मालाचा ऐब लपवून विकणे इस्लाममध्ये नाजायज आहे, हे विकणाऱ्यानेही विसरू नये.

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. सर्वांचे सीटबेल्ट आणि दुरुस्त एअरबॅग, हेच आपले आजचे उंट बांधणे. घरची माणसे आपल्याकडे अमानत आहेत.