वजनाचं सोंग आणता येत नाही

१९८६ साली ‘टेस्टर्स’ या अमेरिकी कंपनीनं प्लास्टिकचे भाग जुळवून करायचं एक विमान बाजारात आणलं. खोक्यावर नाव होतं ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’. या नावाचं विमान अमेरिकेच्या हवाई दलात नव्हतंच. एफ-१८ नंतर क्रमांक थेट एफ-२० वर गेला होता. मधला एकोणीस कुठे दडवला, अशी कुजबुज विमानवेड्यांत चालू होती. रडारला चकवणारं काहीतरी नेवाडाच्या वाळवंटात रात्री उडतं, अशीही वदंता होती. तेवढ्या भांडवलावर जॉन अँड्र्यूज या डिझायनरनं एक काळं, गोलसर, कुठेही कोपरा न काढलेलं विमान बेतलं. ते इतकं गाजलं, की गुप्त विमानाची माहिती खेळणी विकणाऱ्यांच्या हाती लागली कशी, अशी विचारणा अमेरिकी काँग्रेसमध्ये झाली. १९८८ मध्ये ‘मायक्रोप्रोज’ या गेम कंपनीनं ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’ याच नावाचा सिम्युलेटर काढला आणि लोक घरबसल्या नसलेलं विमान उडवू लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेंटॅगॉननं खऱ्या विमानाचा धूसर फोटो प्रसिद्ध केला. ते लॉकहीड कंपनीचं एफ-११७ निघालं. गोलाई औषधालाही नाही. सगळे सपाट पृष्ठभाग, कोनाकोनांत जोडलेले. कारण साधं होतं. सत्तरच्या दशकात लॉकहीडच्या अभियंत्यांकडे जे संगणक होते, त्यांना सपाट पृष्ठभागावरून रडारची लहर कशी परतते एवढंच मोजता येत होतं. वक्र आकाराचं गणित त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. मोजता येईल तेच बांधायचं ठरलं, म्हणून विमानाला ते विचित्र रूप आलं. नावात लढाऊ विमानाचा ‘एफ’ असला, तरी त्यात ना तोफ होती ना रडार. पोटात दोन बॉम्ब, बस्स. खेळातल्या एफ-१९ ला मात्र तोफ होती, हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं होती, शस्त्रांसाठी चार कप्पे होते. १९९१ मध्ये आलेल्या पुढच्या खेळात मायक्रोप्रोजनं निवड खेळणाऱ्यावरच सोपवली: लॉकहीडचं विमान हवं, की मायक्रोप्रोजचं?

फ्लाइट सिम्युलेटरसाठी काल्पनिक लढाऊ विमानं घडवण्याच्या छंदाची गोम या निवडीत आहे. विमानाला काय काय जमतं, हे कुणीही कल्पू शकतो. त्याला काय जमत नाही आणि का जमत नाही, हे कल्पायला अभ्यास लागतो.

दिसतं ते आणि कळतं ते

कामाचे ढोबळ तीन भाग पडतात. पहिला आकार. ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये विमानाचं त्रिमितीय मॉडेल उभं करायचं. चाकं, फ्लॅप, कॅनॉपी असे हलणारे भाग वेगळे ठेवायचे आणि प्रत्येकाचा आस नेमका कुठे, ते ठरवायचं. दुसरा भाग ‘स्किन’चा, म्हणजे रंग, क्रमांक, तेलाचे ओघळ, तोफेच्या तोंडाशी धरलेली काजळी. तिसरा भाग फ्लाइट मॉडेलचा: हे विमान हवेत वागतं कसं, त्याचा हिशेब. पहिले दोन भाग फोटोत दिसतात. तिसरा दिसत नाही. स्टिक हातात घेतल्यावर अर्ध्या मिनिटात कळतो.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे पैशाच्या जागी वजन घाला. हे सोंग किती काळ चालवून घ्यायचं, याबाबत प्रत्येक सिम्युलेटरचा स्वभाव वेगळा.

‘फ्लाइटगियर’ हा मुक्त स्रोत सिम्युलेटर १९९७ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे. त्यात वापरलं जाणारं ‘जेएसबीसिम’ हे फ्लाइट मॉडेल सगळं विमान एक्सएमएल फाइलींत, साध्या मजकुरात मागतं. वजन आणि गुरुत्वमध्य एका विभागात, चाकांचे आधार दुसऱ्यात, मग इंजिन, नियंत्रणं, वायुगतिकी. त्यात तक्ते असतात. डाव्या रकान्यात हवेला पंख किती अंशांनी सामोरा जातो ते, उजव्या रकान्यात त्या कोनाला मिळणारा लिफ्टचा गुणांक. कोन वाढतो तशी लिफ्ट वाढत जाते आणि एका टप्प्याला ढासळते. तोच स्टॉल. नवशिका तक्त्यातली ती शेवटची उतरण खोडून टाकतो आणि त्याचं विमान कधीच स्टॉल होत नाही. जेएसबीसिम हूं की चूं करत नाही. सांगाल ते उडवतं.

फ्लाइटगियरमधलंच ‘यासिम’ इतकं आज्ञाधारक नाही. त्याला पंखांची मापं द्यायची, वजन द्यायचं आणि दोन दावे करायचे: उतरताना वेग किती आणि नाक किती वर; वर गेल्यावर अमुक उंचीला वेग किती. त्यावरून ते उलटं गणित करून लिफ्ट आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा अवरोध, काढतं. चिमुकले पंख, पंधरा टन वजन आणि शंभर नॉट वेगानं अलगद उतरायची हौस, असं काही लिहिलं तर उत्तर जुळत नाही आणि विमान उभंच राहत नाही. खोटं विमान सरळ नाकारणारं हे यंत्र शिकणाऱ्याचा पहिला कडक मास्तर ठरतं.

ऑस्टिन मेयर यांच्या ‘एक्स-प्लेन’ची तऱ्हा तिसरी. त्याच्यासोबत ‘प्लेन मेकर’ हा प्रोग्राम मिळतो. त्यात विमानाचा आकार, पंखाचा छेद, इंजिनं भरायची. उडताना एक्स-प्लेन पंखांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरचं बल सेकंदाला अनेकदा मोजतं आणि बेरीज करतं. इथे ‘माझं विमान चपळ आहे’ असं लिहायला जागाच नाही. आकार चपळ असेल तर विमान चपळ होईल.

मारुतला ते इंजिन मिळालं असतं तर

काल्पनिक विमानांतला सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे ‘असं झालं असतं तर’. कॅनडाचं ॲव्हरो ॲरो १९५९ मध्ये रद्द झालं, ब्रिटनचं टीएसआर-२ १९६५ मध्ये. अशी अर्धवट राहिलेली विमानं छंदवाल्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. भारतात हा मान एचएफ-२४ मारुतचा. मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एक मारुत ठेवलेलं आहे. अणकुचीदार नाक, मागे कललेले पंख. पाहताच वाटतं, हे ध्वनीच्या दुप्पट वेगानं जात असणार. त्याच हेतूनं ते काढलंही होतं. दुसऱ्या महायुद्धातलं फॉके-वुल्फ १९० ज्यांनी घडवलं, त्या कुर्ट टँक यांनी बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये (नंतरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये) ते आखलं. हिशेबात धरलेलं इंजिन होतं ऑर्फियस बीओआर-१२, आफ्टरबर्नरसह, म्हणजे मागच्या नळीत जादा इंधन जाळून, ८,१७० पौंड जोराचं. ब्रिटननं त्याचा विकास सोडून दिला, तो खर्च उचलायला भारत तयार झाला नाही, आणि मारुतला आफ्टरबर्नर नसलेलं ४,८५० पौंडांचं ऑर्फियस ७०३ बसलं. १४७ विमानं बनली, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली, पण ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावरच अडली.

मग सिम्युलेटरमध्ये ते इंजिन द्यायला काय हरकत आहे? जेएसबीसिमच्या इंजिन फाइलमध्ये कमाल जोराची एक ओळ असते. तिथला आकडा बदलायचा. दोन इंजिनं मिळून ४.४ टन जोर होता तो ७.४ टन होतो. सुमारे नऊ टनांच्या विमानाला एवढा जोर म्हणजे ते भाल्यासारखं सुटणार. सुटतंही. बहुतेक जण इथे फोटो काढून थांबतात.

जो थांबत नाही, तो त्याच फाइलमधल्या खालच्या ओळीकडे जातो. आफ्टरबर्नर लावल्यावर एक पौंड जोरासाठी तासाला किती पौंड इंधन लागतं, ते तिथे लिहायचं असतं. त्या जमान्याच्या टर्बोजेटला साधारण दोन हा आकडा शोभतो. दोन्ही इंजिनांचा १६,३४० पौंड जोर गुणिले दोन, म्हणजे मिनिटाला जवळपास २५० किलो. पोटात दोन टन इंधन धरलं तर आठ मिनिटांत टाकी कोरडी. टाकी वाढवा, तर वजन वाढलं. आफ्टरबर्नरची नळी जड, आणि इंजिनं शेपटीकडे. म्हणजे गुरुत्वमध्य मागे सरकला आणि विमान नाक वर करून उलटायला बघतं. नाकात वजन घालून ते सावरायचं, तर पुन्हा एकूण वजन वाढलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार इथे शब्दशः घडतो.

हे नुसतं पडद्यावरचं कोडं नव्हे. भारतात ऑर्फियस ७०३ लाच आफ्टरबर्नर जोडायचा प्रयत्न झाला. विमानाचा मागचा भाग त्यासाठी बदलावा लागला, त्यानं ड्रॅग वाढला आणि मिळालेल्या जोराचा फायदा बराचसा तिथेच जिरला. १० जानेवारी १९७० रोजी या बदललेल्या मारुतच्या अपघातात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. १७ जून १९६१ रोजी मारुत पहिल्यांदा हवेत नेणारे वैमानिक तेच होते. पडद्यावर एक ओळ बदलायला दोन सेकंद लागतात. त्या ओळीमागे काय काय असतं, हे माहीत असलेला माणूस आकडा हात आखडूनच टाकतो.

वैमानिकाला काय सांगायचं नाही

विमान तयार झालं, तरी ते नुसतं गरगर फिरवण्यात किती दिवस मन रमणार? त्याला काम हवं. इथून मोहीम रचण्याचा भाग सुरू होतो. ‘डीसीएस वर्ल्ड’ या ईगल डायनॅमिक्सच्या सिम्युलेटरमध्ये त्यासाठी मिशन एडिटर आहे. समोर कॉकेशसचा नकाशा. जॉर्जियातले कुतैसी, बातुमी, सेनाकी हे विमानतळ. त्यावर विमानं, रणगाडे, रडार मांडायचे, वेपॉइंट टाकायचे आणि ट्रिगर लिहायचे. तयार झालेली फाइल म्हणजे चक्क एक झिप असते. उघडली तर आत लुआ भाषेतला मजकूर दिसतो.

समजा, आपलं आठ मिनिटांचं विमान कुतैसीहून उडवून उत्तरेकडच्या खोऱ्यातला पूल पाडायला पाठवायचं आहे. वैमानिकाला सांगायचं, की वाटेत जमिनीवरून विमानं पाडणाऱ्या कुब क्षेपणास्त्रांची तुकडी असण्याचा संभव आहे. ती कुठे, हे सांगायचं नाही. ट्रिगर असा लिहायचा: विमान अमुक वर्तुळात शिरलं आणि त्याची उंची ३०० मीटरच्या वर गेली, तरच रडार चालू होईल. डोंगरांच्या आडोशानं खालून जाणाऱ्याला ते कधी भेटणारच नाही. घाई करून वर येणाऱ्याला मात्र भेटेल. मग तो आफ्टरबर्नर लावून निसटेल आणि परतीच्या इंधनाला मुकेल. शत्रूच्या तुकडीला हजर राहण्याची टक्केवारीही देता येते, म्हणजे रचणाऱ्यालाही खात्री राहत नाही. कच्चा रचनाकार नकाशावर शत्रूंची गर्दी करतो. मुरलेला रचनाकार एकच रडार ठेवतो, पण ते विमानाच्या नेमक्या उणिवेवर बोट ठेवेल अशा जागी.

रचनाकाराशिवाय चालणारं युद्धही आहे. डिसेंबर १९९८ मधल्या ‘फाल्कन ४.०’ मध्ये कोरियाचं युद्ध आपल्या गतीनं चालू राहतं. आपली फेरी हा त्यातला एक तुकडा. २००० साली त्याचा सोर्स कोड फुटला आणि छंदवाल्यांनी त्यावर घडवलेली बीएमएस आवृत्ती आजही उडते. २००२ च्या ‘स्ट्राइक फायटर्स’नं उलट वाट धरली. त्याचं युद्ध परान आणि धिमार या दोन काल्पनिक वाळवंटी देशांत होतं. विमानांची सगळी माहिती नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या फाइलींत ठेवलेली, त्यामुळे कधीच न बनलेल्या विमानांचा त्यात सुकाळ झाला. जपानी ‘एस कॉम्बॅट’ मालिकेनं तर अख्खं काल्पनिक जगच उभं केलं. तिथे इंधन नि वजनाची फिकीर नसते आणि एकेका विमानावर खऱ्या विमानाला न पेलणारी क्षेपणास्त्रं लटकतात. ती मजा वेगळी, तिचा हिशेबही वेगळा.

काल्पनिक विमानाला आणखी एक सोय असते. खऱ्या विमानामागे लागलेला माणूस कधी ना कधी गोपनीयतेच्या भिंतीवर आपटतो. ‘वॉर थंडर’ या खेळाच्या एका खेळाडूनं २०२१ मध्ये, आपलं म्हणणं खरं ठरवायला, ब्रिटनच्या चॅलेंजर २ रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेची पानंच जाहीर केली होती. न बनलेल्या विमानाची गुपितं नसतात. त्याच्याबद्दल कुणी ‘चूक’ म्हणू शकत नाही. फार तर ‘पटत नाही’ म्हणतो.

आणि ते पटवणं हीच या छंदाची कमाई. सुरुवातीला खर्च जवळजवळ काही नाही: फ्लाइटगियर मोफत, ब्लेंडर मोफत, मजकूर लिहायला कुठलाही एडिटर. महाग असतो तो संयम. आपलं विमान दुसऱ्याच्या हाती दिल्यावर पहिली तक्रार येते: उतरताना फार वेगात येतं, भरलेल्या टाकीनं वळताना जड वाटतं, आफ्टरबर्नर पुरत नाही. नवा माणूस त्याच रात्री फाइल उघडून आकडे सैल करतो. जाणता आधी हिशेब तपासतो. तो बरोबर निघाला, तर फाइलला हात लावत नाही. तक्रार तो विमानाच्या पुस्तिकेत ‘मर्यादा’ या मथळ्याखाली लिहून टाकतो आणि पुढची मोहीम तीच ध्यानात ठेवून रचतो.